माझ्या गालातली पेशी आणि मॅडमची

खरं सांगते, त्या बाईचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखायचं. बाई म्हणजे माझ्या नातीच्या मॅडम. लातूरहून बदलून हदगावजवळच्या आमच्या गावात आल्या, आणि पाचवीतली माझी नात माझी राहिली नाही. निजायची माझ्याच कुशीत, पण तोंडात सारखं 'मॅडम म्हणल्या'. मी शाळेत गेले नाही. दुकानांच्या पाट्या आणि जुने पेपर वाचत अक्षरं शिकले. तरी पाल शेपूट का टाकते, बोंडात कापूस कुठून येतो, सगळं लेकराला मीच सांगितलेलं. आता मी तोंड उघडलं की, "थांब आज्जे, उद्या मॅडमला विचारते."

एका संध्याकाळी नात चुलीपुढं बसून कांद्याचा पापुद्रा सोलून राहिली. उजेडाला धरून म्हणते, "ह्याच्यात विटा हायत, आज्जे. मॅडमनं दाखवल्या. पेशी म्हणतात त्याला."

"जन्म गेला माझा कांदे चिरण्यात. मला न्हाई दिसली एक वीट."

"तुझ्याकडं सूक्ष्मदर्शक कुठं हाय?"

घ्या! सून तिकडून हसत म्हणाली, "आत्या, जळल्याचा वास यायलाय."

"भाकर करपली असंल," मी म्हटलं. तव्यावर भाकर नव्हतीच.

शनिवारी मॅडमनी घरच्यांना बोलावलं, लेकरं गालातल्या पेशी दाखवणार म्हणून. सून कापूस वेचायला जाणार, मग मीच निघाले. बघू तरी, एवढं काय दाखवते ही. ठेवणीतलं लुगडं नेसले आणि तोंड स्वच्छ असावं म्हणून मिसरी दोनदा घासली, चांगली भाजून काळी केलेल्या तंबाखूची.

वर्गात लेकरं दातकोरण्यानं गाल आतून हलकेच खरवडत होती. ते काचपट्टीवर पुसायचं, वर निळ्या रंगाचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. मॅडम लेकरांच्या बरोबरीनं खाली सतरंजीवर बसलेल्या. ओरडणं नाही, छडी नाही. नावं ठेवायला काही सापडेना, त्याचाही मला राग आला.

नातीनं माझा गाल खरवडला, डोळा लावला आणि ओरडली, "मॅडम, आज्जीच्या पेशीत मुंग्या!"

झालं! सगळा वर्ग मुंग्या बघायला लोटला. मॅडमनी बघितलं, ओठ दाबून हसल्या. "मुंग्या नाहीत रे. आजी, मिसरी लावली का?"

"हाव. सोच्छ तोंडानं यावं म्हणून."

"गुळण्या करून या, परत बघू."

हापशावर जाऊन खळखळून गुळण्या केल्या. यावेळी मलाच आधी बघू दिलं. फिकट निळा चट्टा, मधोमध गडद टिकली. नात कानाशी म्हणाली, "ती टिकली म्हंजी केंद्रक."

"हे मी?"

"तूच की!"

लई बरं वाटलं. तेवढ्यावर थांबायला पाहिजे होतं. पण मी म्हटलं, "मॅडम, तुमची बी दाखवा की."

त्यांनी हसत आपला गाल खरवडून दिला. मी डोळा बारीक करून खोट शोधली. तोच चट्टा, तीच टिकली. मग दोन्ही पट्ट्या हातात घेऊन इकडच्या तिकडं केल्या आणि नातीपुढं धरल्या. "सांग, ह्यातली माझी कंची?"

तिनं एक बघितली, दुसरी बघितली, परत पहिली.

"वळखूच येईना, आज्जे."

"नीट बघ की माय!"

"दोन्ही सारख्याच हायत."

"शाब्बास!" मॅडम म्हणाल्या. "हेच तर कळायला पाहिजे." त्यांनी पाठीवर हात ठेवला तर पोरगी अशी फुलली, की तसं तोंड मी घरी कधी बघितलं नव्हतं. अंधारात माझ्या पावलांचा आवाज ओळखणारी ही. मला ओळखलं नाही, आणि वर त्याचंच कौतुक!

घरी येताना तिनं माझं बोट धरलं.

"आज्जे, सोमवारी परत बघायचं का?"

"बघू," मी म्हटलं. "पण तुझी अन् माझी. मॅडमची न्हाई."