तांदळाच्या ड्रमातला गेम

सरकारी नोकरीतून रिटायर झालेला माणूस बालाघाटात काय करतो? सकाळी पेपर पाठ करतो, संध्याकाळी मंदिराच्या ओट्यावर बसून सरकार चालवतो. बंडोपंत यातलं काहीच करत नसत. ते गेम खेळत.

गेम म्हणजे मोबाइलमधला नव्हे. मधे पडदा, दोन्ही बाजूंना बटणं, दोन हातांत धरून खेळायचं ते यंत्र मुलाने, चिन्मयने, एका दिवाळीला हैदराबादहून स्वतःसाठी आणलं आणि जाताना घरीच विसरला. होळीला परत आला तर बापाने त्यात स्वतःच्या नावाने शेत उभं केलं होतं. धानाचं नव्हे, कसल्याशा परदेशी कंदांचं. पण बांध, विहीर, पाण्याचा नहर, सगळं कसं जागच्या जागी. सिंचाई विभागात बंडोपंतांनी उभी नोकरी दुसऱ्यांच्या शेतांत जाणाऱ्या नहरांचे नकाशे काढण्यात घालवली होती आणि स्वतःच्या नावावर तुळशीवृंदावनापुरती माती होती. चिन्मय हसला आणि गेम तिथेच ठेवून गेला.

तेव्हापासून सकाळचा चहा झाला की बंडोपंत खिडकीजवळच्या खुर्चीत. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, अंगठे बटणांवर, जेवणाची हाक येईपर्यंत. त्यांच्या बायकोला, सुनीतीबाईंना, डाव्या कानाने कमी ऐकू येई, म्हणून त्यांचा टीव्ही गल्लीभर ऐकू जाई. दोघांचं असं दोन टोकांना बरं चाललं होतं. आल्यागेल्याला त्या सांगत, ‘ही माझी म्हातारपणची सवत.’ लोक हसत. त्याही हसत, पण त्यांना ते लागत असे. नवरा अर्धं आयुष्य बैहरच्या जंगलात सर्व्हेच्या तंबूत होता, आणि घरी आला तो या पडद्यात जाऊन बसला.

मग बंडोपंतांचं हृदय थकलं. डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं, आणि त्याचा अर्थ काय ते शाळेत पस्तीस वर्षं शिकवलेल्या बाईला सांगावं लागलं नाही. थोडे दिवस राहिले होते. आणि त्या थोड्या दिवसांतही हा माणूस उशीवर टेकून कंदांना पाणी घालत होता. एका दुपारी त्यांचा डोळा लागला तेव्हा सुनीतीबाईंनी गेम उचलला, फडक्यात गुंडाळला आणि स्वयंपाकघरातल्या चिन्नोर तांदळाच्या ड्रममध्ये कोपरापर्यंत हात घालून पुरला. दोन दिवस, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. दोन दिवस माझ्याशी बोलू देत.

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर बंडोपंतांनी विचारलं, “माझा गेम कुठं दिसला का तुले?”

“नाही जी. मले नाही दिसला,” सुनीतीबाई म्हणाल्या.

आणि बंडोपंत खरंच बोलायला लागले. तंबूत शिरलेल्या अस्वलाचं बोलले, तीन कोस पायी जाऊन टाकलेल्या पत्रांचं बोलले, जी सुनीतीबाईंना मिळालीच नव्हती. एवढं ते चाळीस वर्षांत बोलले नसतील. मग दोनाचे चार दिवस झाले, चाराचे आठ. रोज सकाळी चहानंतर तोच प्रश्न, त्याच सुरात. रोज तेच उत्तर. बाराव्या सकाळी त्यांनी विचारलं तेव्हा आवाज फार खोल गेला होता. आज संध्याकाळी काढून देऊ, असं सुनीतीबाईंनी ठरवलं. बंडोपंत दुपारीच गेले.

दहाव्याला वैनगंगेच्या घाटावर पिंड ठेवला आणि कावळे समोरच्या झाडावर बसून राहिले. आईला सांभाळतो, असं चिन्मयने हात जोडून सांगितलं. घर विकणार नाही म्हणाला. लांजीहून आलेल्या चुलत दिरांनी नर्मदेला जाऊन येण्याचं कबूल केलं. एक कावळा खाली उतरला, पिंडाभोवती दोन उड्या मारून परत वर गेला. तासाभराने सगळे सुनीतीबाईंकडे वळले. वहिनी, त्यांचं काही राहून गेलं होतं का? कशात जीव अडकला होता का?

खाई त्याला खवखवे. एवढ्या माणसांत काय सांगायचं? मरणाऱ्या नवऱ्याचं खेळणं लपवलं म्हणून? त्या नाही म्हणाल्या. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि लोक घरी गेले.

तेरावं झाल्यावर घर रिकामं झालं तेव्हा त्यांनी ड्रममधून गेम काढला. बटणांच्या फटींत तांदळाचा कोंडा गेला होता आणि त्याला चिन्नोरचा वास लागला होता. चार्जरला लावला. पडदा उजळला, आणि त्या गावातली एक म्हातारी धावत आली. तिच्या तोंडाशी इंग्रजीत अक्षरं उमटली: बंडोपंत, किती दिवस झाले! कुठे होतात?

सुनीतीबाईंनी नवऱ्याचं नाव उखाण्याखेरीज कधी घेतलं नव्हतं. आता त्या नावाला त्यांनाच ओ द्यावी लागली.

शेतात रान माजलं होतं. ते उपटलं, कंदांना पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी परत. चहा झाला की त्याच खुर्चीत, त्याच वेळी. बटणं दाबायची थांबली की पडद्यात शेत कसणारा चष्मेवाला छोटा माणूस काम टाकून वळे आणि सरळ बाहेर, त्यांच्याकडे बघत उभा राही. सगळ्या गेममध्ये तसंच असतं, चिन्मयने फोनवर सांगितलं. सुनीतीबाईंना ते पटलं होतं, तरी त्या अंगठा थांबू देत नसत. घरातला टीव्ही बंद झाला. शेजारची गीता सगळ्यांना सांगे, काकूंसारखं प्रेम पाहिलं नाही, काकांचा छंद पुढे चालवून राहिल्या. हे ऐकलं की सुनीतीबाईंना अन्न गोड लागत नसे. प्रेम कसलं? त्या शिक्षा भोगत होत्या. तांदूळ धुतानासुद्धा त्यांना तो प्रश्न ऐकू येई, आणि तोही नेमका बहिऱ्या कानात.

वर्षश्राद्धाला चिन्मय आला. त्या सकाळी स्वयंपाक व्हायचा होता, गुरुजी यायचे होते. आज परत पान ठेवणार, आणि परत कावळा आला नाही तर सगळे परत वळून आपल्याला विचारणार. सुनीतीबाईंच्याने ते पुन्हा होणार नव्हतं. त्यांनी चिन्मयला खाटेवर बसवलं आणि सगळं सांगितलं. ड्रम, फडकं, दोन दिवसांचे झालेले बारा दिवस, घाटावरचं खोटं. सांगताना त्या रडल्या नाहीत. पोरगा काय म्हणेल याला त्या तयार होत्या.

चिन्मय आईजवळ सरकला.

“आई, बाबांना पता होतं.”

गेम बंद न करता तसाच पुरला होता. बॅटरी संपत आली तसा तो ड्रममधून टिंग टिंग वाजत राहिला होता, अख्खी दुपार. टीव्हीपुढे बसलेल्या सुनीतीबाईंना ते ऐकू आलं नाही. भिंतीपलीकडे खाटेवर पडलेल्या बंडोपंतांना आलं. त्याच रात्री त्यांनी चिन्मयला फोनवर सांगितलं होतं की तुझ्या आईने गेम तांदळात ठेवलाय, आणि तू आलास तरी त्याला हात लावू नकोस.

“मग रोज काहून विचारत होते मले?”

“नंतरच्या एका फोनवर मीपण हेच विचारलं त्यांना,” चिन्मय म्हणाला. “हसले. म्हणाले, ‘राहू दे. तीच सांगन एक दिवस, मग आम्ही दोघं मस्त हसू. मी वाट पाहून राह्यलो.’”

वर्षभर सुनीतीबाईंना वाटत होतं की त्या माणसाला गेम हवा होता आणि आपण तो दिला नाही. बारा सकाळी बंडोपंतांनी हसायची तयारी करून विचारलं होतं, आणि बाराही सकाळी सुनीतीबाईंनी त्यांच्या डोळ्यांत बघून नाही म्हटलं होतं.