निमवाट्याची तांबडी

मथुराबाईला मोजता येत नाही, असं मी सहा-सात वर्षं धरून चाललो होतो. मी गणिताचा मास्तर, त्यामुळे मोजण्यातलं सगळं मलाच कळतं असा माझा समज.

१९८६ साली मी नेरडीगोंड्यात दोन खोल्यांचं कवेलूच्या छपराचं घर घेतलं. पैसा सोसायटीचा, घर गिरवी, दस्तऐवज त्यांच्या कपाटात. दर महिन्याला दोनशे चाळीसची किस्त, सात वर्षं. माझा बाप जन्मभर सालगडी होता. मालकाच्या गोठ्याशेजारी जेवढी जागा मिळाली तेवढंच त्याचं घर. म्हणून या घरासाठी मी झपाटल्यासारखा झालो होतो. चहातलं दूध गेलं. बस सुटली, सायकल आली. सोजर, माझी बायको, भाताचं धुवण कोंबड्यांच्या कोंड्यात घालायची, अंड्यांची टरफलंसुद्धा कुटून त्यांनाच चारायची. धड अंडं बाजारात, फुटकं अंडं घरात, हा माझा कायदा. धाकट्या पोरीच्या हातून एका महिन्यात तिसऱ्यांदा अंडं 'चुकून' पडलं तेव्हा मी तिला मारलं. तिला अंडं खायचं होतं, एवढंच. आजही तिच्यासमोर अंडं सोलताना माझी मान वर होत नाही.

आमच्या घरात कोंबडी आली ती मथुराबाईमुळे. शेजारच्या वाडीत ती वांगी, मेथी लावायची. नवरा वारलेला, मुलगा बेल्लमपल्लीच्या खाणीत. आम्ही बौद्ध. गल्लीत सगळे गोड बोलायचे, पण आमच्याकडचा चहा कुणाच्या घशाखाली उतरत नसे. मथुराबाई पहिल्याच आठवड्यात आली, पाटावर बसली, चहा प्याली आणि म्हणाली, "गुरुजी, दूध नाई तं नाई, साखर तरी टाकत जा." जाताना म्हणाली, "माही तांबडी अंड्यावर खुडूक बसली हाये. वाट्यानं ठेवता का?"

निमवाट्याचा रिवाज आमच्याकडे जुना. कोंबडी एकाची, पोसणारा दुसरा. पिल्लं मोठी झाली की निम्मी निम्मी. एखादं जास्तीचं निघालं तर ते पोसणाऱ्याचं. मेलं तर दोघांचं मेलं, पण मालकाला पंख दाखवायचे. यात लिहिणं नाही, सही नाही. गल्लीतल्या कुणी आमच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं तेव्हा या बाईनं आपली कोंबडी आमच्या अंगणात सोडली.

आणखी एक काम तिनं माझ्याकडे लावलं होतं. इच्चोड्याचा बाजार करून आली की पदराखालची पिशवी माझ्यापुढे ओतायची. "मोजा गुरुजी." चुरगळलेल्या नोटा, चिल्लर. मी मोजून आकडा सांगायचो, ती मान हलवून पिशवी बांधायची. यावरूनच मी ठरवलं की हिला मोजता येत नाही.

८८ साली तांबडीनं अकरा पिल्लं काढली. एकही मेलं नाही. दोन महिन्यांत चांगली वाढली, आणि नेमका त्याच महिन्यात पगार लांबला. किस्त चुकली की सोसायटीवाले बाहेरच्या फळ्यावर नाव लिहीत. माझे विद्यार्थी त्या रस्त्यानं जात. फळ्यावर नावं लिहिणारा मी, आणि माझंच नाव फळ्यावर. इकडून तिकडून दोनशे जमले. चाळीस कमी पडत होते.

रविवारी मी टोपल्यात चार पिल्लं घातली, वरून फडकं बांधलं आणि सायकलीवरून इच्चोड्याला गेलो. दहा रुपयाला एक. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून बाजाराच्या पार टोकाला बसलो. घरी येऊन आमच्या म्हाताऱ्या कबऱ्या कोंबडीला धरलं, तिचे पाच-सहा पंख उपटले आणि कुंपणापाशी टाकले. ती ओरडली. सोजर दारातून बघत होती.

सकाळी मी मथुराबाईला हाक मारली. "मावशी, मुंगसानं चार नेले."

ती आली. वाकून पंख उचलले, बोटांत धरून पाहिले. मग माझ्याकडे पाहिलं. "मुंगूस लई वाईट," म्हणाली. "सात उरले ना? चार तुमचे, तीन माहे." तिनं तीन पिल्लं ओच्यात घेतली आणि गेली.

दुपारी सोजरनं ताट वाढलं आणि म्हणाली, "दोन महिन्यांच्या पिल्लाले बोटाहून लांब पंख येते का? तेबी कबरे? तांबडीचं एकबी पिल्लू कबरं नोतं."

दोन वर्षं मी कोंबड्यांचा हिशेब ठेवला होता, कोंबड्या कधी पाहिल्याच नव्हत्या.

"तिले समजलं असन का?" मी विचारलं.

"मले काय माईत."

पुढच्या बाजारी मथुराबाई आली आणि पिशवी माझ्यापुढे ओतली. "मोजा गुरुजी." माझा जीव भांड्यात पडला. समजलं असतं तर पैसे कशाला आणले असते? पुढच्या वर्षी तांबडी खुडूक बसली, तेव्हाही मथुराबाईनं ती आमच्याकडेच ठेवली. मी स्वतःला सांगितलं, तिला काही कळलं नाही. पण बुद्धपौर्णिमेला मुलांना पंचशील सांगताना दुसऱ्या शीलापाशी, न दिलेलं घेणार नाही म्हणताना, माझा आवाज बसायचा. चौथं खोटं न बोलण्याचं. दोन्ही मी एकाच झटक्यात मोडली होती. सांगून टाकू असं दरवर्षी ठरवायचो आणि दरवर्षी म्हणायचो, आधी घर सुटू दे.

९३ साली घर सुटलं. दस्तऐवज हातात आले. सोजरनं सगळ्यांसाठी धड अंडी उकडली. माझं मी धाकट्या पोरीच्या ताटात ठेवलं. दुसऱ्या दिवशी बाजारातून चार तलंगा, अंड्यावर येऊ घातलेल्या कोवळ्या कोंबड्या, घेतल्या आणि मथुराबाईच्या वाडीत गेलो. ती वांग्यांना पाणी देत होती.

"हे काय, गुरुजी?"

पाच वर्षं पाठ केलेलं भाषण ऐन वेळी आठवेना. "मुंगूस नोतं, मावशी," एवढंच म्हणालो. "मीच इकले. किस्तीसाठी."

तिनं पाणी वळवलं, हात पुसले. चारही तलंगा उलटसुलट करून पाहिल्या. त्यातल्या दोन काखेत घेतल्या आणि दोन माझ्याकडे सरकवल्या.

"अकरा होते," ती म्हणाली. "साहा तुमचे, पाच माहे. तीन मले भेटले. दोनच राह्यले."

"मावशी, तुमाले मोजता येते?"

"नोटा नाई समजत मले. कोंबड्या समजतात."

"मंग तवाच काऊन नाई बोलल्या?"

"बोलली असती तं तुमी माह्या दारात पाय ठेवला असता का?" ती पुन्हा पाण्याकडे वळली. "न्या त्या दोन. वाटा म्हंजे वाटा."

दोन तलंगा काखेत घेऊन गल्लीतून घरी येताना, चार पिल्लं चोरून नेली होती तेव्हा वाटली नव्हती इतकी लाज वाटली. सोजरला सगळं सांगितलं. तिनं चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

"म्हंजे पयल्या दिवसापासून तिले माईत होतं," ती म्हणाली. "आन पैशे तुमच्याकूनच मोजून घेत राह्यली."

त्या आठवड्याच्या बाजारी मथुराबाई आली, पाटावर बसली, पिशवी ओतली. मी नोटा सरळ केल्या, मोजल्या. एकशे त्रेसष्ट. पुन्हा सगळ्या गोळा करून पहिल्यापासून मोजायला घेतल्या.

"काऊन?" ती म्हणाली. "तुमी मोजले ना एकदा."