शनिवारची किल्ली

चाळीसगावच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये एक वयस्कर गृहस्थ शेवटच्या बाकावर, माझ्याच शेजारी बसतात. शनिवारी फादरपुढे पापनिवेदन झालं की मोटरसायकलची किल्ली माझ्या हातात देतात. "उद्या ख्रिस्तप्रसाद घेईपर्यंत ठेव, भाऊ. दारूचं दुकान लांब शे, पायी जाववत नाही."

या शनिवारी मी मागूनही किल्ली दिली नाही. रविवारी ख्रिस्तप्रसादाची, प्रभूचं शरीर मानून घ्यायच्या भाकरीची, रांग लागली, तरी ते उठेनात.

"फादर म्हणतात ना, सवय जडली की पापाचा दोष कमी होतो?" मी कुजबुजलो.

"दोष होत असेल कमी. वास नाही होत." त्यांनी गुडघे वळवून मला वाट दिली.

परतलो, तर माझी बाही धरून म्हणाले, "प्रभूला घेऊन आलास ना? मग जरा जवळ सरक."