नापासांची केळी

इंग्रजी अमदानीत बऱ्हाणपूरच्या तटाबाहेर आमचं हायस्कूल निघालं आणि थोड्याच वर्षांत मॅट्रिकच्या निकालांनी जिल्हाभर गाजलं. निकालाच्या दिवशी जसोंडीचा एक म्हातारा शेतकरी टोपली घेऊन फाटकाशी बसे. पास झालेल्यांकडे तो बघतही नसे. नापासांना मात्र हाक मारून केळी देई.

मी नापास झालो तेव्हा चिडून विचारलं, "बाबा, नापास झाल्याची केळी कसली देता?"

"शाळेच्या आधी इथं माझा केळीचा मळा व्हता," तो म्हणाला. "सगळ्या झाडांना घड एकदम थोडेच येतात? मागं राहिलेल्याचं पाणी मी कधी तोडलं नाही."

पुढच्या वर्षी पास होऊन मी मुद्दाम हात पुढे केला. त्याने टोपली मागे ओढली.

"तू जाय. तुला आता पेढे भेटतीन."