सातव्या वर्षानंतरची उंची

ऑफिसात बाईंना सगळे दशांशबाई म्हणत, आणि खरं सांगायचं तर त्यांनाही ते आवडायचं. संस्था मुलांच्या वाढीचा अभ्यास करणारी. शहरातल्या मुलांची उंची-वजनं दर वर्षी घ्यायची आणि त्यांच्या सरासरीवरून औषधाचे डोस ठरवायचे, असा तो कारभार. आकडेमोडीचा प्रोग्राम बाईंनीच तरुणपणी लिहिलेला. आता जुनं मशीन मोडीत निघणार होतं, नव्याची चिप अगदीच निराळी, म्हणून प्रोग्राम तिकडं हलवायचं काम बाईंच्याच गळ्यात पडलं. काम अवघड नव्हतं, किचकट होतं. जुनाच डेटा दोन्ही मशीनवर चालवायचा, रोज एका वयाची मोजणी घ्यायची आणि शेवटच्या दशांशापर्यंत उत्तरं जुळवायची.

सात वर्षांपर्यंत सगळं बिनबोभाट पार पडलं. आठव्याला एक ओळ जुळेना. जुन्या मशीनवर जागा रिकामी, नव्यावर १२३.६. बाईंनी ओळीचा क्रमांक पाहिला. डेटात मुलांची नावं नसत, नुसते क्रमांक असत, पण हा क्रमांक त्यांना पाठ होता. नमुन्याला मुलं कमी पडली तेव्हा ऑफिसातल्यांनी आपापली पोरं मोजायला आणली होती. बाईंनी आपली लेक, बुटकी, आणली होती. बुटकी सात वर्षांची होऊन गेली, त्यालाही आता वीस वर्षं झाली होती.

कारण त्याच दुपारी सापडलं. प्रोग्रामात रिकाम्या जागा दोन तऱ्हेच्या असत. मोजणीच्या दिवशी मूल आलं नाही, तर इतर मुलांच्या वाढीवरून अंदाज काढून प्रोग्राम ती जागा भरायचा. मूल या जगातच उरलं नाही, तर तिथं एक बारीक खूण असायची, की इथं कधीही काही भरू नये. नवी चिप बेरीज करताना ती खूण हरवून बसत होती. तिच्या लेखी बुटकी त्या दिवशी फक्त आली नव्हती.

दुरुस्ती ओळभराची होती. बाईंनी ती उद्यावर ढकलली, आणि घरी जाऊन नवऱ्याला सगळं सांगून मोकळ्या झाल्या. इथं त्यांनी तोंड आवरायला हवं होतं.

नवरा शिंपी. घराच्याच खालच्या खोलीत त्याचं दुकान. मुलगी गेल्यापासून लहान मुलांचे कपडे तो शिवायला घेत नसे. त्यानं ऐकून घेतलं आणि शिलाई मशीनचं चाक हातानं थांबवलं.

"म्हणजे पाचेक सेंटिमीटर वाढली," तो म्हणाला. "बरी वाढली."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं आपणहून विचारलं, "आज किती?"

मग रोजच विचारू लागला. बाईही सांगू लागल्या. दुरुस्ती रोज उद्यावर जात राहिली. बाराव्या वर्षी पोरीनं एकदम उंची घेतली, तर नवरा हसून म्हणाला, "कुणावर गेली ही? आपण दोघं तर असे बुटबैंगण." तेराव्या वर्षी वजन किलोभर उतरलं. त्या वर्षी शहरात तापाची साथ होती, सगळ्याच मुलांची वजनं उतरली होती. बाईंनी हे सांगितलं तेव्हा नवऱ्याचा चेहरा पडला. त्या रात्री तो धड जेवला नाही. सकाळी दाढी करता करता म्हणाला, "ताप उतरला का बघ आज."

 ऑफिसात जाऊन बाईंनी आधी तेच पाहिलं.

साहेब दारातून डोकावले. "जुळलं का, बाई?"

"जवळपास."

"दशांशबाईंच्या तोंडी जवळपास? आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं." मग हसू आवरून म्हणाले, "लवकर उरका. या आठवड्यात जुनं मशीन उचलतायत. ते गेलं, की तुमचं नवं सांगेल तेच खरं."

पंधराव्या वर्षाचा आकडा घेऊन बाई घरी आल्या तेव्हा दुकानात खुंटीला एक ड्रेस लटकत होता. निळा, लांब बाह्यांचा, खाली जवळजवळ जमिनीला टेकलेला. कुणी नुकताच अंगावरून उतरवावा तसा तो खांद्यांशी फुगलेला होता.

"रोज खालची दुमड उसवतोय," नवरा म्हणाला. "आता उसवायला कापडच उरलं नाही. तिला म्हणावं, जरा दम धर."

बाई ड्रेसच्या गळ्याकडे बघत राहिल्या. तिथं चेहरा आणायचा त्यांनी खूप प्रयत्न केला. सात वर्षांची बुटकी लगेच दिसायची, पुढचे दोन दात पडलेली. ही पंधरा वर्षांची काही केल्या दिसेना. दिसणार कशी? उंची शेजारपाजारच्या मुलींची होती, तापही त्यांचाच होता. आपल्या घरात कुणीतरी परकीच मुलगी मोठी होत होती आणि नवरा तिच्यासाठी शिवत बसला होता. शिवाय पुढच्या वर्षांत खूण हरवलेल्या अशा आणखी कितीतरी ओळी निघाल्या होत्या, आणि ती मुलं आईबापांच्या नकळत वाढत चालली होती. बाईंना स्वतःच्याच घरात भीती वाटली.

सकाळी त्यांनी ती ओळ दुरुस्त केली आणि सगळी वर्षं पुन्हा चालवली. आठवं रिकामं आलं, नववं रिकामं आलं, पुढचीही सगळी रिकामी आली. बाई प्रत्येक वर्षापाशी थांबून बघत होत्या. मग उठून साहेबांच्या खोलीत गेल्या आणि म्हणाल्या, "जुळलं. शेवटच्या दशांशापर्यंत."

संध्याकाळी नवरा वाटच बघत होता. "आज किती?"

एखादा आकडा ठोकून देता आला असता, कुणाचं काही बिघडणार नव्हतं. तो ओठांवर आलाही होता.

"एकशे अठरा," बाई म्हणाल्या. "सातव्या वर्षी होती तेवढीच. त्यापुढं काही नाही."

 नवऱ्यानं ड्रेस खुंटीवरून काढला, टेबलावर पसरला, टेप लावली आणि वरच्या बाजूला कुठंतरी खडूनं रेघ मारली.

"मग बरंच कापावं लागेल," तो म्हणाला.

बाईंनी कापडाचं दुसरं टोक ताणून धरलं. कात्री चालू लागली तेव्हा दोघंही रडत होते.