बायोडाटापुरतं कॉलेज

बारावीचा निकाल लागला की आमच्या हिवरखेडची माणसं पोरांना घेऊन नात्यातल्या 'सरां'कडे सल्ला मागायला जातात. आमचे सर म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, अमरावतीत प्राध्यापक. त्यांना मी मोठे काका म्हणायचे. काकांनी मार्क विचारले आणि मी सांगायच्या आत निकाल देऊन टाकला. बी.ए. करायचं, मग स्पर्धा परीक्षा. दुसरं काही त्यांना येतच नव्हतं. त्यांचा स्वतःचा मुलगा पाच वर्षांपासून अकोल्यात एका अभ्यासिकेत खुर्ची अडवून बसला होता. पास व्हायचं नाव नाही, पण घरात त्याला 'साहेब' म्हणत. डोंबलाचा साहेब!

मी म्हटलं, मला कॉलेजात जायचंच नाही, मोटर भरायचं काम शिकायचं आहे. विहिरीवरची मोटर जळाली की आतली तांब्याची तार काढून नवी भरतात, ते काम. अकोल्यात आत्याच्या घराजवळ एका मिस्त्रीचं दुकान होतं आणि तो शिकवायला तयार होता. काका एवढे हसले की काकू पाहायला बाहेर आल्या. मग त्यांनी आपल्या विद्वत्तेला शोभेल असा तोडगा काढला. बी.ए.ला नाव तेवढं टाकून ठेवायचं, हजेरीचं ते पाहतील, मी परीक्षेपुरतं तोंड दाखवायचं. बायोडाटात पदवी असली की लग्नाचं अडत नाही. मोटरींबद्दल मात्र कुठे बोलायचं नाही. बाबांनी मुकाट्यानं मान डोलावली, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला.

तीन वर्षं मी अकोल्यात मोटरी भरल्या आणि अमरावतीत आपोआप बी.ए. होत गेले. ज्या कॉलेजात वर्ग कुठे भरतात हे मला आजही ठाऊक नाही, त्यानं मला पदवी दिली. आठवडाभर आधी गाइड आणायचं, घोकायचं आणि पेपरात ओकून यायचं. दुकानात मात्र एक वेढा कमी पडला तरी मिस्त्री सगळी तार उपसायला लावायचा. इकडे बाबा गावभर सांगत, पोरगी अमरावतीले शिकून राहिली. एकदा आमच्याच गावचा एक जण दुकानात मोटर घेऊन आला, तर त्यानं मला पाहिलं तर नाही ना, हे विचारायला बाबांनी फोन केला. मी काय चोऱ्या करत होते? त्या दिवशी मी बाबांशी धड बोललेसुद्धा नाही. बाहेरच्यांचं मला काही नव्हतं. माझ्या बापानं एकदा तरी म्हणावं, माझी पोरगी मोटरी भरते, एवढंच मला पाहिजे होतं.

मग पदवी घेऊन मी गावी आले आणि अंजनगावहून पाहुणे मला पाहायला आले. मुलगा शेती पाहायचा, म्हणजे गाडीवरून जाता-जाता पाहायचा. त्याच्या आईची नजर माझ्या हातांवरच्या, भरलेल्या तारेवर ओततात त्या वार्निशच्या डागांवरून हलेना. हात असे काहून, तिनं विचारलं. मध्यस्थी अर्थातच काकांची. पोरीला बागकामाची आवड आहे, म्हणाले. आमच्या अंगणात एक तुळस होती, तीही वाळलेली. माझं डोकं सटकलं. मी सरळ सांगितलं, मी मोटरी भरते, अन् ती पदवी नावापुरती आहे. काकांचा चेहरा उतरला. बाबा जमिनीकडे पाहत बसले.

चार दिवसांनी नकार आला. मिस्त्रीण सून नको, असा निरोप होता. आणि दुसऱ्याच दिवशी मुलाच्या बापानं गड्याच्या हातून जळालेली मोटर आमच्या घरी पाठवली. ओळखीचं काम आहे, पोरीला म्हणा लवकर करून दे. वा रे वा, काय माणसं!

मी काही बोलायच्या आधी बाबा उठून बाहेर गेले.

"पोरगी नाही पाह्यजे, मोटर पाह्यजे?" त्यांनी गड्याला विचारलं. "ठेव तिथं. माही पोरगी मिस्त्री हाये, तिच्यापाशी रांग असते. मालकाले सांग, नंबर लागन तवा घेऊन जा म्हना."

चार घरं पलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलले.