देवकीअक्काची सही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही – हे खरं कारण आहे का? असेल. बसा जरा. मला मुद्द्यावर यायला वेळ लागतो. गिऱ्हाइकासमोर लागत नाही, स्वतःबद्दल बोलताना लागतो.

मी विकते. बंगळूरच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर – गोदामात काय आलं, काय गेलं, कुठला माल कुठल्या रॅकवर पडून आहे, ते संगणकावर दाखवणारं. काजूचे कारखाने, औषधांचे घाऊक दुकानदार, शेतीमालाच्या सोसायट्या, सगळीकडे माझं जाणं-येणं असतं. लोकांना वाटतं, विकणं म्हणजे गोड बोलून गळ्यात मारणं. वाटू दे. मला हे काम मनापासून आवडतं, आणि त्यात लाजायचं काय? एखाद्या गोदामात जावं, तिथल्या स्टोअरकीपरशेजारी स्टूल ओढून बसावं, तो वहीच्या कडेला पेन्सिलीनं कसल्या खुणा करतो ते बघावं. मालकाला वाटत असतं की संगणक हवा. स्टोअरकीपरला वाटत असतं की आता आपली गरज संपली. दुपारपर्यंत दोघांनाही चालेल असं काहीतरी सापडतं, आणि तो माणूस आपणहून म्हणतो, "मॅडम, हे आणखी एकदा दाखवा." त्या वाक्यासाठी मी इतकी वर्षं आनंदानं पायपीट केली आहे.

माझा एक नियम आहे. ऑफिसात त्याला 'शैलामॅडमचा नियम' म्हणतात. आधी उणं सांगायचं. आपली वस्तू काय करू शकत नाही, कुठे अडकते, कुणाच्या उपयोगाची नाही – ते पहिल्या पाच मिनिटांत, त्यांनी विचारायच्या आत. नवीन लोक माझ्याकडे वेड लागल्यासारखं बघतात. मग मी त्यांना दिग्गीच्या फणसाची गोष्ट सांगते. ती ऐकली की सगळ्यांना पटतं. शेवटी टाळ्याही वाजतात.

गोष्ट खरी आहे. फक्त तिच्यातली 'मी' ही मी नाही.

आमचं घर रामनगरचं. वडिलांचं भांड्यांचं दुकान, मूळचे आम्ही खानापूरकडचे. बी.एस्सी. झाले आणि सौरदिव्यांच्या एका कंपनीत लागले. ती कंपनी आता उरलेली नाही. जोयडा तालुका – म्हातारी माणसं अजून सुपाच म्हणतात – माझ्याकडे आला. सुप्याच्या धरणाची वीज कुठल्या कुठे जायची आणि वर दिग्गीकडच्या वाड्यांत रॉकेलच्या चिमण्या जळायच्या. वाट जंगलातली, गाडी अर्ध्यावरच थांबायची. म्हणून कंपनीनं मला वाट दाखवायला एक बाई दिली. ती देवकीअक्का.

माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. कुणबी घरातली, भाताची शेती, परड्यात कंदमुळं. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर दिव्याची बॅटरी, आणि चाल अशी की मी रिकाम्या हातानंही मागे पडायचे. शाळा कन्नडमधून सातवीपर्यंत. पण बॅटरीच्या वायरी कशा जोडायच्या ते इंजिनियरनं एकदा दाखवलं आणि दुसऱ्या घरी तिनं ते त्याच्या आधी करून ठेवलं. खरं सांगते, इतकी हुशार बाई मी पुन्हा बघितली नाही. वाटेत एकदा म्हणाली, "बाय, मला ह्ये समदं शिकायचं हाय. वाट दावायला काय, कुणीबी दावंल." मी 'हो हो' म्हटलं. चढ होता, मला धाप लागली होती.

तिच्याकडे कोनफळाचं बी ठेवायची एक पद्धत होती – तिचीच नव्हे, त्या सगळ्या वाडीची. कंदाचा वेलाकडचा माथा कापून ठेवायचा, तेच पुढच्या वर्षीचं बी. ते विकायचं नाही, शेजाऱ्याला द्यायचं. आणि देताना पहिल्यांदा त्याचं उणं सांगायचं. हे खाजतं. ह्याला रानडुकरं लवकर लागतात. हे शिजायला वेळ घेतं. न सांगता दिलं तर घेणाऱ्याचं अख्खं वर्ष वाया जातं, आणि ते देणाऱ्याच्या नावावर राहतं. म्हणून बी देणाऱ्या माणसाचं बोलणं तिकडे खरं धरतात.

दिव्याचंही तिनं तेच केलं. पहिल्याच घरी, मी पिशवीतून माहितीपत्रक काढायच्या आत, म्हणाली, "पावसात तीन म्हैने ह्यो दिवा निम्माच जळणार. चिमणी टाकू नका." मी तिला बाहेर घेऊन झापलं. मोठी बाई ती, आणि मी काल कॉलेजातून बाहेर पडलेली – काय काय बोलले असेन! तिनं ऐकून घेतलं. पुढच्या घरी पुन्हा तेच सांगितलं.

मग दिग्गी. गावातलं मोठं घर, म्हातारा कारभारी, त्याच्या शब्दाला मान. त्यानं घेतला तर गाव घेणार, हे मला माहीत होतं. घरावर भला थोरला फणस, कौलांवर दिवसभर सावली, दिव्याच्या पॅनेलला ऊनच मिळायचं नाही. मी म्हटलं, दोन-चार फांद्या उतरवा. म्हातारा त्याच्याही पुढचा, झाडच पाडतो म्हणाला. दिव्याची हौस! देवकीअक्का अंगणात उकिडवी बसली होती. ती उठली.

"फणस पाडून दिवा नको, आजा. तुमच्या ह्या घराला ह्यो दिवा लागायचा न्हाई. दुसऱ्या घरी लागंल. तुमी घेऊ नका."

मला भयंकर राग आला. परतीच्या वाटेवर मात्र तिच्याच मागोमाग चालत होते, वाट मला ठाऊक नव्हती.

आठ दिवसांनी दिग्गीतून निरोप आला. सोळा घरांना दिवा हवा होता. विकायला आलेली बाई 'घेऊ नका' म्हणते, म्हणजे ती बाकीचं खोटं सांगत नसणार – म्हाताऱ्यानं घरोघरी एवढंच सांगितलं होतं. अक्का पुन्हा गेली. म्हाताऱ्याच्या अंगणात काठी रोवून सकाळपासून संध्याकाळपर्यंत सावली बघत बसली आणि गोठ्याच्या छपराचा एक कोपरा शोधून काढला, जिथे दिवसभर ऊन होतं. सतरावा दिवा तिथून वायर ओढून लावला. फणस अजून आहे.

तुम्हाला वाटेल, हीच का ती कबुली, दुसऱ्याची गोष्ट स्वतःच्या नावावर सांगायची? तेवढीच असती तर मी इतकी अडखळले नसते.

बंगळूरहून, दिव्यांच्या कंपनीच्या मुख्य ऑफिसातून, पत्र आलं. दिग्गीचं काम ज्यानं केलं त्याला सहा महिन्यांचं शिक्षण आणि मग कायमची नोकरी. काय घडलं ते इंग्रजीत एका पानावर लिहून पाठवा, सोबतच्या माणसाची सही घ्या. जागा एकच होती. मी जोयड्याच्या ऑफिसात बसले आणि लिहिलं. पावसाळ्यातली अडचण गिऱ्हाइकाला आधी सांगण्याची पद्धत मी सुरू केली. फणसाच्या घरी दिवा न देण्याचा निर्णय मी घेतला. गोठ्याची जागा मी शोधली. शेवटी एक ओळ – वाट दाखवण्यासाठी सोबत देवकी नावाच्या स्थानिक बाई होत्या.

कुणी माझा हात धरून लिहून घेतलं नव्हतं. घरात अडचण नव्हती, वडिलांचं दुकान चालू होतं. मला ती जागा हवी होती, एवढंच.

सही घ्यायला तिच्या घरी गेले. ती परड्यात होती. मातीचे हात धुऊन, पदराला पुसून आली. कागद दोन्ही हातांत धरला. "काय लिवलंय गं?"

"आपल्या दोघींचं काम लिवलंय, अक्का. तुझं नाव हाय त्यात."

"माझं नाव? कुठं हाय?"

मी त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. ती कितीतरी वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिली. तिला इंग्रजी येत नव्हतं, तरी बघत राहिली. मग ओट्यावर बसून, कागदाखाली पाट घेऊन, कन्नडमध्ये सही केली. पूर्ण नाव, नवऱ्याचं नाव, खाली गावाचं नाव. मी उभी होते. मला चहा दिला तिनं. मी तो प्यायले.

नाव तर होतंच ना कागदात? मग मी खोटं बोलले का? बोलले. एवढी वर्षं हा प्रश्न फिरवून फिरवून विचारला आणि उत्तर प्रत्येक वेळी तेच आलं.

मी बंगळूरला गेले. ती कंपनी बंद होईपर्यंत अक्का वाटच दाखवत राहिली, माझ्यानंतर आलेल्यांना. मी पुढे चढत गेले, चांगलं काम केलं, लोकांनी माझ्यावर विश्वास ठेवला. त्या विश्वासाला मी जागलेही. गिऱ्हाइकांना फसवलं नाही कधी, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकते. तिचा नियम इतका पक्का होता की चोराच्या हातातही तो तसाच चालला. मी विकायला शिकले ती तिच्यामागून जंगलात चालताना. नंतरच्या शिक्षणात ज्याला ते 'गिऱ्हाइकाचं ऐकणं' म्हणायचे, ते ती अंगणात काठी रोवून दिवसभर करत बसली होती. हे मी एकाही सभेत बोलले नाही. गोष्ट सांगताना प्रत्येक वेळी 'मी' म्हणाले, आणि टाळ्या घेतल्या.

आणि आता यंदाचं. हिवाळ्यात जोयड्याला कंदमुळांचा मेळा भरतो, मी रामनगरला माहेरी आले होते, म्हणून गेले. रांगेत मांडलेले कंद, हत्तीच्या पायाएवढे काही. आणि त्यांच्यामागे अक्का. केस पांढरे झालेत, पाठ ताठ आहे. तिनं मला लांबूनच ओळखलं. हाताला धरून तिच्या बचतगटाच्या बायकांसमोर उभं केलं.

"हीच ती शैला. कंपनीच्या कागदावर माझं नाव पयल्यांदा हिनं घातलं, व्हय. बंगळूरला ग्येला त्यो कागद."

बायका माझ्याकडे कौतुकानं बघत होत्या. एकीनं मला बसायला गोणपाट झटकून दिलं.

मग अक्कानं मला बाजूला घेतलं. उन्हावर चालणारं वाळवणयंत्र तालुक्यात यायचं होतं – आमसुलं, फणसाचे गरे वाळवायला. गावोगाव फिरून ते दाखवायला, लोकांना घ्यायला लावायला एक बाई हवी होती. पूर्वी असं काम केल्याचा पुरावा लागणार होता. "त्या कागदाची एक झेरॉक्स मिळंल काय, बाय?"

मी तिथल्या तिथे म्हटलं, "न्हाई गं अक्का. कंपनी बंद झाली, कागद समदे ग्येले."

"ऱ्हाऊ दे. तू तरी काय करणार." एवढंच म्हणाली. मी साधं एक पत्र लिहून देऊ शकले असते. सही-शिक्क्याचं, माझ्या आजच्या कंपनीच्या कागदावर. पण त्यात काय लिहिणार? खरं लिहिलं तर मी कोण, हा प्रश्न आलाच. म्हणून पत्राचा विषयच काढला नाही. निघताना तिनं कोनफळाचा एक माथा कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत घातला. घालायच्या आधी म्हणाली, "शिजायला लई येळ घेतं ह्ये. आधीच सांगते."

महिन्याभरानं बहिणीकडून कळलं, ते काम दुसऱ्या कुणाला मिळालं. अक्काकडे दाखवायला कागद नव्हता.

कागद गेलेला नाही. त्याची प्रत माझ्याकडे आहे, कपाटात, शिक्षणाच्या दाखल्याखाली. काल पुन्हा काढून बघितली. तिची सही ठसठशीत आहे, गावाचं नावसुद्धा तिनं नीट, गोल अक्षरात लिहिलं आहे. कोनफळाचा माथा बाल्कनीतल्या कुंडीत लावला होता, त्याला वेल फुटलाय.

आधी उणं सांगायचं, हा देवकीअक्काचा नियम. मी तुम्हाला माझं काम सांगितलं, माझी आवड सांगितली, टाळ्या सांगितल्या, आणि हे सगळ्यात शेवटी.